१६१०चं गोवं, कप्तानाची बायको आणि भाड्याचा गाऊन

कुडाळची_शिंपीण

नमस्कार मंडळी. प्रश्न वेशभूषेचा आहे, पण त्यावरून दिग्दर्शकाशी अबोला होण्याची वेळ आली आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचा ग्रुप हौशी. तालीम शाळेच्या वर्गात बाकं सरकवून, चहा ज्याचा त्याने आणायचा. यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी नवीन दोन अंकी नाटक बसवतोय. काळ १६१०, जागा जुनं गोवं. एका पोर्तुगीज कप्तानाची बायको इझाबेल आणि एक विधवा सोनारीण यांची मैत्री असा विषय आहे. दोघीही लेखकाच्या डोक्यातल्या, खऱ्या नव्हेत. पहिल्या प्रवेशात इझाबेल घेरदार गाऊन घालून, हातात पंखा घेऊन एकटीच भर बाजारातून चालत सोनारणीच्या दुकानी येते. सोनारीण पडद्याआडून बघते आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा 'मोकळं बाईमाणूस' दिसतं. तिथे प्रकाश बदलतो, बासरी वाजते वगैरे.

मी बावीस वर्षं ब्लाउज शिवते आणि नाटकाचे कपडे बघते. गाऊन भाड्याने आणायचं ठरलंय. मागे एकदा आणला होता त्याला डांबरगोळ्यांचा वास होता आणि पाठीला चेन होती. सतराव्या शतकात चेन! परीक्षकांनी ते बरोब्बर लिहून दिलं. पण या वेळी माझी शंका चेनपेक्षा मोठी आहे. आमच्याकडे मे महिन्यात बायका अस्तराचा ब्लाउजसुद्धा नको म्हणतात. ही इझाबेल मांडवीच्या काठी, त्या घामट हवेत, दहा वार मखमल अंगावर घेऊन बाजारात हिंडेल कशाला? मी हे बोलले तर आमचे दिग्दर्शक दादा म्हणाले, "अगं ती युरोपियन आहे, तिला सवय असते." घामाला कुठली आलीय सवय?

तर कुणी सांगेल का, त्या काळी या बायका घरात काय नेसत, बाहेर काय घालत, आणि मुळात अशा एकट्या बाहेर पडत का? स्पर्धेला दोन महिने आहेत. कापड आधी घ्यावं लागेल.

---

दिवाडकर

शिंपीणबाई, तुमच्या घामाच्या शंकेला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण.

मी दिवाडी बेटावरचा. इस्कोलांत, म्हणजे जुन्या पोर्तुगीज शाळेत, पोर्तुगीज शिकलेली जी शेवटची पोरं उरलीत त्यांतला एक. आमची फेरी जुन्या गोव्याला लागते, तिथून चार पावलांवर व्हाइसरॉयची कमान. तुमच्या नाटकाच्या वेळी ती जेमतेम दहा-बारा वर्षांची, म्हणजे नवी कोरी. तिच्यातून शहरात शिरणारा रस्ता तो रुआ दिरैता, म्हणजे सरळ रस्ता. आज तिथे नारळ आणि टुरिस्टांच्या बसगाड्या. १६१० मध्ये दोन्ही बाजूंना सोनार, सावकार, रेशीमवाले, चिनी भांडी विकणारे. तुमच्या इझाबेलला बाजारात आणायची तर याच रस्त्याने आणावी लागेल. आणि ती येणार नाही.

त्या काळचे दोन परके लोक लिहून गेलेत. लिन्शोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. पिरार हा फ्रेंच, जहाज फुटून मालदीवमध्ये अडकलेला, तिथून हिंडत हिंडत १६०८ मध्ये गोव्यात येऊन पडला आणि १६१० पर्यंत राहिला. म्हणजे अगदी तुमच्याच वर्षापर्यंत. दोघांचं म्हणणं एकच. घरंदाज पोर्तुगीज आणि मिश्र घरातल्या बायका रस्त्यावर पायी दिसतच नाहीत. चर्चला किंवा कुणाकडे जायचं तर पालखी, आणि तीही झाकलेली. आतून बाहेरचं दिसावं, बाहेरून आतलं दिसू नये अशी.

घरात काय घालत? हे ऐका आणि तुमच्या दादांना ऐकवा. वर 'बाजू' नावाची आखूड सदऱ्यासारखी कुडती, इतकी तलम की लिन्शोटेनचे डोळे पांढरे झाले. खाली रंगीत चितारलेलं कापड कंबरेला दोन-तीन वेढे देऊन गुंडाळलेलं. पायात सपाता, मोजे नाहीत. दिवसभर तोंडात विडा. जेवण हाताने. 'बाजू' हा शब्द मलायाकडचा, कापड बहुधा कोरोमंडलचं, विडा इथला, आणि गळ्यात क्रूस. यात लिस्बन कुठे राहिलं ते तुम्हीच शोधा.

कारणही सरळ आहे. आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवं घेतलं तेव्हा जहाजांतून पुरुषच आले होते. त्याने आपल्या शिपायांची इथल्या बायकांशी लग्नं लावून दिली, जमिनी दिल्या. पुढे पोर्तुगालहून राजाच्या खर्चाने अनाथ मुली पाठवत, पण त्या मोजक्याच. म्हणजे १६१०ची तुमची इझाबेल बहुतेक इथेच जन्मलेली, आजी इथलीच. तिला वाढवलं तेही इथल्या किंवा आफ्रिकेतून आणलेल्या दाईने. आपण 'आया' म्हणतो तो शब्द पोर्तुगीजच. तेव्हा इझाबेल चिडली की कोंकणीत चिडेल, हे माझ्याकडून लिहून घ्या.

बाहेर जाताना मात्र गाऊन होता, तोही मखमल-किनखापाचा. तेव्हा तुमचं भाडं अगदीच वाया जाणार नाही. त्याच्याखाली चापिन, म्हणजे बुचाच्या जाड तळाच्या सपाता, चांगल्या वीतभर उंच. पालखी चर्चच्या दारात टेकली की दासींनी दोन्हीकडून धरून चालवायचं. पिरार म्हणतो, दारापासून बसायच्या जागेपर्यंतची चाळीस-पन्नास पावलं जायला बाईसाहेबांना पाव तास लागे. तुमच्या नाटकात ती बाजारभर फिरते. फिरवाच चापिन घालून!

---

शंकासुर

दिवाडकर, छान लिहिलंत, पण एक विचारतो. आर्चबिशपच्या कचेरीतला अविवाहित डच कारकून. याला घरंदाज बायका घरात काय घालतात ते दिसलं कुठून? ज्या घरात सख्ख्या नातेवाईक पुरुषालाही मोकळा शिरकाव नव्हता असं तो स्वतःच सांगतो, तिथल्या कुडतीचा तलमपणा याने मोजला कसा?

माझ्या मते निम्मं ऐकीव आहे. धोत्र्याचंच बघा. लिन्शोटेन लिहितो की बायका नवऱ्याला धोत्रा खाऊ घालून गुंगवतात आणि त्याच्यासमोर याराला भेटतात. नवरा उठल्यावर त्याला काही आठवत नाही. ही गोष्ट चावडीवरच्या पुरुषांची वाटते, माजघरातली नाही. गोव्यातच राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये औषधांवर पुस्तक छापलं. त्यातही धोत्रा आहे, पण तिथे तो चोरीसाठी दिला जातो. घरातल्या माणसाला गुंगवायचं आणि दागिने लांबवायचे. तीच वनस्पती, पण वैद्याला चोर दिसतो आणि ब्रह्मचारी कारकुनाला व्यभिचार.

शिंपीणताई, तुमच्या नाटकात धोत्र्याचा प्रवेश असेलच. लेखकांना राहवत नाही.

---

कुडाळची_शिंपीण

आहे. दुसऱ्या अंकात. तुम्हाला कसं कळलं?

---

दिवाडकर

शंकासुरा, नावाला जागलास. कुडतीबद्दल मात्र थोडं थांब. लिन्शोटेनच्या पुस्तकात चित्रं आहेत, पिरारने वीस वर्षांनी स्वतंत्रपणे जवळपास तेच लिहिलंय, आणि उकाडा तर कुणी खोटा ठरवू शकत नाही. धोत्र्याबाबतीत तुझं मान्य. मलाही ते कधी पटलं नाही.

पण लिन्शोटेनची एक गोष्ट मला अगदी खरी वाटते, कारण तिच्यात चावटपणा नाही. या घरांत पाणी प्यायला चंबूसारखं मातीचं भांडं असे. तोंड न लावता, वरून धार सोडून प्यायचं. आपण पितो तसंच. लिस्बनहून नुकत्याच उतरलेल्या पाहुण्याला ते जमत नसे. पाणी छातीवर सांडे, ठसका लागे, आणि घरातल्या बायका हसून म्हणत, 'रेनोल'! म्हणजे राज्याहून, पोर्तुगालहून आलेला, नवखा. अहो, साहेबाच्या बायका साहेबाला हसतायत, कारण त्याला आपल्यासारखं पाणी पिता येत नाही. तुमची बासरी इथे वाजवा की.

---

दिग्दर्शक_तोच

ताईंनी लिंक पाठवली. वाचतोय. सगळ्यांचे आभार, पण मला एक सांगा. ती पालखीत कोंडलेली, ती घरात बसून विडा खाणारी, मग नाटक कुठे राहिलं? दोन बंदिस्त बायकांची मैत्री होणार कशी? मला एक मोकळी बाई पाहिजे. गाव एवढं मोठं होतं, जगभरचे लोक तिथे येत होते. एकही बाई रस्त्यावर नव्हती?

---

दिवाडकर

होत्या ना. रस्ता बायकांनी भरलेला होता. पण तुम्ही ज्या शोधताय त्या नव्हत्या.

रुआ दिरैतावर रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी साधारण सात ते नऊ बाजार भरे. त्याला म्हणत लैलांव. ओळखीचा वाटला शब्द? आपला 'लिलाव' तोच. अरबी घोडे, मसाले, गालिचे, मेलेल्या माणसाचं घरसामान, आणि माणसं. मोझांबिकच्या, बंगालच्या, चीन-जपानकडच्या मुली तिथे उभ्या केलेल्या असत. भरतकाम येतं, मुरंबे-मिठाया येतात, वाद्य वाजवता येतं, असं ओरडून सांगत. त्याप्रमाणे भाव.

विकत घेतलेली मुलगी मालकिणीच्या घरी जाई आणि दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर टोपली घेऊन तीच रस्त्यावर. मालकिणीने घरात करवून घेतलेली मिठाई, लोणची, भरतकाम विकायचं आणि संध्याकाळी पैसे मालकिणीच्या हातात. बाणगिणीच्या झऱ्याचं पाणी घागरींतून शहरभर विकत तेही असेच गुलाम. म्हणजे इझाबेल दुकानदारीण असू शकते बरं का. दुकान तिचं, पाय दुसरीचे.

दादा, तुम्हाला रस्त्यावर एकटी चालणारी बाई पाहिजे असेल तर ती इझाबेलची दासी आहे. सगळं शहर तिच्या पायाखालचं. कोण कुणाकडे जातं, कुणाचं जहाज आलं, सोन्याचा भाव काय, कोंकणी, पोर्तुगीज, बाजारची मोडकीतोडकी हिंदुस्थानी, सगळं तिला येतं. मोकळी मात्र ती नाही. तुमच्या नाटकात तिला नाव आहे का?

सोनारणीचीही अडचण सांगतो. शहरात हिंदू सोनार, व्यापारी होते, भरपूर होते, त्यांच्यावाचून पोर्तुगिजांचं पान हलत नव्हतं. पण तिसवाडीतली, म्हणजे जुनं गोवं ज्या बेटावर आहे तिथली, देवळं १५४०च्या सुमाराला पाडली, उघडपणे लग्न लावायची बंदी, त्यामुळे शुभकार्यासाठी माणसं नदीपलीकडे फोंड्याकडे, आदिलशाही मुलखात जात. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली ती पुढे १५६०च्या दशकात. तुमच्या विधवेला दुकानावर बसवू नका. सासऱ्याच्या कामाचे दागिने पदराखाली घेऊन ती इझाबेलच्या घरी मागच्या दाराने येऊ दे. तिला आत आणणार कोण? दासीच.

---

वसईवाली

मध्ये बोलते. मी वसईची कुपारी, म्हणजे तिथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातली, आमच्याकडे अजून लुगडं नेसणाऱ्या आज्या आहेत.

पालखीतली बाई म्हणजे अबला असं धरून चालू नका. तुम्ही सगळे कपड्यांत अडकलात, मी कागदपत्रांकडे नेते. १६६५ साली पोर्तुगिजांनी मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात दिलं, तो दस्तऐवज कुठे झाला? बेटाच्या मालकिणीच्या वाड्यात. तिचं नाव दोना इनेस द मिरांदा, विधवा बाई. लोक तिला बेटाची बाईसाहेब म्हणून ओळखत. आज ज्या मुंबईत एक खोली घ्यायला जन्म जातो, तिची मालकीण एक बाई होती, तीही नवऱ्यामागे.

इझाबेलच्या हातात चावीचा जुडगा द्या. 'चावी' पण त्यांचीच.

---

शंकासुर

मालमत्तेचा मुद्दा बरोबर, पण दुसरी बाजूही सांगा ना. पैसा असलेल्या मुलीला कुणाशी लग्न करायचं ते ठरवता येत होतं का? १६०६ मध्ये आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी सांता मोनिका हा नन्सचा मठ काढला. आजही टेकडीवर उभा आहे, किल्ल्यासारखा. मोठमोठ्या घरच्या मुली आणि विधवा हुंड्यासकट तिथे गेल्या, इतक्या की नगरसभेने राजाकडे रड लावली, शहरातला पैसा मठात चाललाय, लग्नाला मुली उरत नाहीत. मला ती तक्रार वाचताना गंमत वाटते. मुली मठात का जात असतील, हे काही त्या सभेतल्या पुरुषांच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

---

दिवाडकर

खरं आहे. भक्ती होतीच, पण आत गेल्यावर मठाधिकारीण बाईच, हिशेब बाईचे, गाणं बाईंचं. त्याच आर्चबिशपाच्या काळात सेर्राच्या माउलीच्या नावाचं आश्रयघरही सुरू झालं. अनाथ मुली तर तिथे असतच, शिवाय नवरा आरमारावर गेला की बायकोला तिथे ठेवून जात. ठेव ठेवावी तसं. दादा, तुमच्या कप्तानाला दुसऱ्या अंकात इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझला पाठवा. धोत्रा काढा आणि इझाबेलला तिथे ठेवायचा प्रसंग आणा. दोघींची ताटातूट तिथेच होते, आणि त्यात विषप्रयोग लागत नाही.

आणि दादांच्या 'मोकळ्या बाई'चा शोध मी शेवटी लावून देतो. मात्र तुमच्यापेक्षा नव्वद वर्षांनंतरची. रिओ द जानेरोत जन्मलेली मारिया उर्सुला नावाची मुलगी. १७०० मध्ये लिस्बनला पुरुषाचा वेश केला, बाल्तझार दु कोउतु कार्दोझु असं नाव घेतलं आणि शिपाई म्हणून भरती होऊन गोव्याच्या जहाजात चढली. १७१४ पर्यंत नोकरी केली, लढली. खरं उघड झाल्यावर लग्न केलं, आणि राजाने तिला पेन्शन दिली. हळदोण्याजवळच्या खोर्जुव्याच्या किल्ल्याशी तिचं नाव जोडतात. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून तो पोर्तुगिजांनी घेतला तो १७०५ मध्ये. म्हणजे कुडाळवाल्यांनो, ती लढली ती तुमच्याच राजाशी! राग धरू नका.

या बाईने रस्त्यावर चालायला पहिलं काय टाकलं बघा: बाईचं नाव.

---

दिग्दर्शक_तोच

गाऊन एकच घेऊ. फक्त चर्चच्या प्रवेशाला. बाकी ताई म्हणतील तसं.

दासीला नाव नव्हतं. संहितेत 'दासी १' आहे. बदलतो.

---

कुडाळची_शिंपीण

मंडळी, तुम्ही माझं किती काम वाचवलंत ते सांगू शकत नाही. आठ दिवसांनी लिहितेय.

बाजूसाठी मलमल आणली. रंगमंचाच्या उजेडात अगदीच आरपार दिसते, लिन्शोटेनचं चुकलं नव्हतं. आमची इझाबेल बँकेत कॅशियर आहे, सासू-सासरे पहिल्या रांगेत बसणार, म्हणून खाली त्वचेच्या रंगाचं अस्तर लावलंय. मडगावात कुणीतरी मांडोच्या, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती नाच-गाण्याच्या, कार्यक्रमाचा भरजरी पानो-बाजू (खालचं कापड आणि वरची कुडती) आयता देत होतं, पण तो सगळा थाट नंतरच्या काळचा वाटला म्हणून नाही घेतला. खालचं कापड मात्र कलमकारीचं मिळालं, छापील आहे, चितारलेलं परवडत नाही.

कापताना एक गंमत झाली. वसईच्या ताईंनी 'चावी' म्हटल्यापासून मी सारखी शब्द शोधतेय. माझा शिवणाचा डबा उघडला: फीत, आलपीन, काज. आणि माझी आजी बटणाला बुताव म्हणायची. एका शिक्षकांना विचारलं तर म्हणाले, चारही पोर्तुगीज. बावीस वर्षं मी काज करतेय आणि मला वाटायचं हा आपला कोकणातला शब्द. काज म्हणजे त्यांच्या भाषेत 'कासा', घर. बटणाचं घर.

चापिन नवऱ्याने प्लायवूड आणि थर्माकोल चिकटवून केले, सहा इंची. तालमीत इझाबेलने दोन पावलं टाकली आणि खिडकीचा गज धरला. मग दासी झालेल्या मुलीने, जिचं नाव आता लुझिया आहे, तिला कमरेला धरून वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. एवढा वेळ लागला की मागे बसलेली पोरं हसायची थांबली. दादा काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, संवाद सगळे काढून टाका, हे एवढंच ठेवू.

पाणी प्यायचा प्रसंगही आला आहे. रेनोलचं काम करणारा मुलगा मालवणचा, त्याला वरून प्यायची इतकी सवय की सांडतच नाही. त्याला सांडायला शिकवतोय.

एक मदत पाहिजे. लांब तोटीचा जुना मातीचा चंबू कुणाकडे असेल तर महिनाभर द्याल का? स्टीलचा नको. फुटला तर भरून देऊ.